ठिणगीची वेळ चुकते तेव्हा...

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांची एक तक्रार जगभर सारखीच असते. गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. चढावर दम टाकते, सिग्नलला उभी राहिली की आचके देते, इंजिन गरम झाल्यावर स्टार्टरला दाद देत नाही आणि पेट्रोल मात्र भरपूर पिते. या तक्रारीचा पहिला ठपका बहुधा कार्ब्युरेटरवर येतो. तो उघडला जातो, साफ होतो, त्याचे जेट बदलले जातात, बिल चुकते होते आणि दोष जिथल्या तिथे राहतो. कारण पुष्कळदा उणीव पेट्रोलच्या पुरवठ्यात नसते, तर ते पेटवणाऱ्या ठिणगीच्या वेळेत असते. गॅरेजच्या भाषेत यालाच ‘टायमिंग बिघडणे’ म्हणतात.

ही केवळ सुखाने गाडी चालवण्यापुरती बाब नाही. ठिणगी फार आधी पडू लागली, तर पिस्टनचा माथा वितळून त्याला भोक पडू शकते. फार उशिरा पडू लागली, तर इंजिन आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह अवाजवी तापतात. ज्या गाड्यांचे उत्पादन थांबून चार-पाच दशके लोटली आहेत, त्यांच्या बाबतीत अशी चूक महागात पडते. म्हणूनच टायमिंगचा दोष कसा शोधावा आणि मुख्य म्हणजे कोणत्या क्रमाने शोधावा, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

उदाहरणासाठी ‘एमजीबी’ या ब्रिटिश स्पोर्ट्स कारइतकी सोयीची दुसरी गाडी नाही. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अॅबिंग्डन येथील कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. आज जगात सर्वाधिक संख्येने जतन केल्या गेलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये तिची गणना होते. तिचे १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन ‘बी-सिरीज’ या घराण्यातले. भारतीय वाचकांना हे घराणे परके नाही. हिंदुस्थान मोटर्सच्या अॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षे धडधडणारे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच घराण्यातले होते. त्यामुळे एमजीबीच्या टायमिंगविषयी जे सांगता येते, त्यातील बराचसा भाग आपल्याकडील जुन्या मिस्त्रींच्या हातांना आधीपासून ठाऊक आहे.

दोन सहस्रांश सेकंदांचा खेळ

सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटते तेव्हा स्फोट होतो, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः तो स्फोट नसतो. प्लगजवळ पेटलेली ज्योत मिश्रणातून पसरत जाते आणि त्याला साधारण दोन सहस्रांश सेकंद लागतात. पिस्टन सर्वोच्च बिंदू ओलांडून सुमारे १५ अंश खाली आला असताना सिलिंडरमधील दाब शिगेला पोहोचला, तर त्या दाबाचा पुरेपूर उपयोग होतो. या सर्वोच्च बिंदूला गॅरेजमध्ये ‘टीडीसी’ म्हणतात. ज्योत पसरायला वेळ लागत असल्यामुळे ठिणगी पिस्टन टीडीसीला पोहोचण्यापूर्वीच पडावी लागते. हे ‘आधी पडणे’ म्हणजेच अॅडव्हान्स. ते क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजले जाते.

इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असते, तेव्हा एका सहस्रांश सेकंदात क्रँकशाफ्ट ३.६ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात तो १८ अंश फिरतो. ज्योतीला मिळणारा अवकाश असा आक्रसत गेल्यामुळे वेग वाढेल तशी ठिणगीही अधिकाधिक आधी पडावी लागते. वाढत्या वेगाबरोबर सिलिंडरमधील मिश्रणाची घुसळणही वाढते आणि ज्योत जलद पसरू लागते. त्यामुळे एका मर्यादेनंतर अॅडव्हान्स वाढवण्याची गरज उरत नाही.

हा सारा हिशेब जुन्या गाडीत कोणताही संगणक करीत नाही. तो करतो डिस्ट्रिब्यूटर. त्यात दोन छोटी वजने आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी पडते. शेजारी एक पातळ पडदा असलेली डबी असते, तिला व्हॅक्यूम अॅडव्हान्स म्हणतात. अॅक्सिलरेटर थोडासाच दाबलेला असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी शिरते, ते सावकाश जळते आणि म्हणून त्याला आणखी आधी ठिणगी हवी असते. तेवढे काम ही डबी करते. टायमिंगचा दोष या साखळीतल्या कोणत्याही कडीत असू शकतो. डिस्ट्रिब्यूटर नुसता हाताने फिरवून ‘आवाज बरा येतो’ तिथे घट्ट करणे म्हणजे या साऱ्या कड्यांकडे काणाडोळा करणे होय.

लक्षणे काय सांगतात?

ठिणगी आधी पडत असेल, तर चढावर जोर दिल्यावर इंजिनातून खडे वाजल्यासारखा बारीक धातूचा आवाज येतो. त्याला ‘पिंकिंग’ किंवा आपल्याकडे ‘नॉकिंग’ म्हणतात. ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटल्याची ती खूण आहे. पिस्टनला इजा होते ती याच प्रकारात. याशिवाय गरम इंजिन सुरू करताना स्टार्टर मध्येच अडखळतो, कोणीतरी उलटा धक्का दिल्यासारखा.

ठिणगी उशिरा पडत असेल, तर इंजिन मंद आणि निरुत्साही वाटते. जळण एक्झॉस्टपर्यंत रेंगाळत राहिल्यामुळे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापते, पाण्याचे तापमान चढते, अॅक्सिलरेटर सोडताच सायलेन्सरमध्ये फटफट ऐकू येते. येथे नॉकिंगसारखा ठळक इशारा मिळत नाही आणि म्हणून हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. रेडिएटर बदलूनही गाडी तापत असेल, तर टायमिंग तपासणे शहाणपणाचे ठरते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा असतो. गाडी कधी उत्तम चालते, कधी मिसिंग करते. अशा वेळी ठिणगीची वेळ स्थिर नसते किंवा ती मुळात पडतच नसते. हा दोष टायमिंगचा नसून टायमिंगचे सोंग घेतलेला असतो.

आधी खूण खरी आहे का, ते पाहा

टायमिंग मोजण्यासाठी क्रँकशाफ्टच्या पुलीवर एक खाच आणि तिच्यासमोर स्थिर काटे असतात. सुरुवातीच्या एमजीबीमध्ये हे काटे पुलीच्या खालच्या बाजूस असल्याने गाडीखाली शिरल्याशिवाय ते दिसत नाहीत. मात्र खरी अडचण वेगळीच आहे. ही पुली दोन भागांची असून त्यांच्यामध्ये कंपने शोषण्यासाठी रबराचे कडे असते. अनेक दशकांनंतर हे रबर कडक होते, सुटते आणि बाहेरचे कडे आतल्या भागावरून सरकते. खाच बाहेरच्या कड्यावर असते. म्हणजे खाच शून्य अंश दाखवीत असली, तरी पिस्टन भलत्याच ठिकाणी असू शकतो. चुकीच्या घड्याळाबरहुकूम कितीही काटेकोरपणे वागले तरी गाडी चुकायचीच, तसा हा प्रकार.

याची परीक्षा सोपी आहे. सर्व प्लग काढावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या छिद्रात पिस्टनला टीडीसीपूर्वीच अडवील असा बोथट टोकाचा अडथळा आट्यांनी बसवावा. इंजिन हाताने, हलकेच, पिस्टन टेकेपर्यंत फिरवावे आणि काट्यासमोर पुलीवर खडूने खूण करावी. मग उलट दिशेने पुन्हा टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी. पुलीवरची मूळ खाच तिथे नसेल, तर आधी पुलीचा प्रश्न सोडवावा. या परीक्षेत स्टार्टरला मात्र हात लावू नये. अडथळ्यावर आपटून पिस्टनच फुटायचा.

पॉइंट आधी, टायमिंग नंतर

दुसरी पायरी सीबी पॉइंटची. डिस्ट्रिब्यूटरमधील हे दोन संपर्कबिंदू उघडतात त्या क्षणी कॉइलमधील प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते. म्हणजेच पॉइंटमधील अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते. अंतर वाढले तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. पॉइंटची फायबरची टाच झिजून अंतर घटले, तर ते मागे पडते. यामुळे आधी टायमिंग लावून मग पॉइंटला हात घालणारा मिस्त्री स्वतःचेच काम पुसून टाकत असतो.

एमजीबीच्या सुरुवातीच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये हे अंतर एका इंचाच्या हजारांश भागांत १४ ते १६, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावे लागते. फिलर गेजने ते मोजताना पॉइंटवर खड्डा आणि उंचवटा तयार झालेला नाही ना, हे पाहावे. असल्यास माप खोटे येते. कॅमवर ग्रीसचा हलका हात फिरवला नाही, तर नवी टाचही झपाट्याने झिजते.

याच वेळी डिस्ट्रिब्यूटरचा मधला दांडा बोटांनी आडवा हलवून पाहावा. बुश झिजल्यामुळे तो हलत असेल, तर प्रत्येक सिलिंडरला पॉइंट वेगळ्या अंतराने उघडतात. मग एका सिलिंडरला ठिणगी आधी, तर दुसऱ्याला उशिरा मिळते. अशा डिस्ट्रिब्यूटरचे टायमिंग कितीही वेळा लावले तरी लागत नाही. त्याचे बुश बदलणे हाच उपाय.

बल्ब आणि चमकता दिवा

एवढे झाल्यावरच प्रत्यक्ष टायमिंगकडे वळावे. इंजिन बंद असताना साध्या १२ व्होल्टच्या बल्बने ते लावता येते. बल्बचे एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या बारीक वायरच्या जोडावर आणि दुसरे इंजिनच्या धातूवर लावून इग्निशनची किल्ली फिरवावी. पॉइंट मिटलेले असतात तोवर बल्ब विझलेला राहतो आणि ते उघडताच पेटतो. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून खाच टीडीसीपूर्वी १० अंशांवर ठेवावी. डिस्ट्रिब्यूटर फिरवत नेमका बल्ब पेटतो तिथे त्याचा क्लॅम्प आवळावा. सुरुवातीच्या हाय कॉम्प्रेशन एमजीबीसाठी हेच माप दिलेले आहे. तिचा रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. त्यामुळे डिस्ट्रिब्यूटर काट्यांच्या दिशेने फिरवला की टायमिंग पुढे जाते आणि उलट फिरवला की मागे येते.

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे की एक्झॉस्टवर, हे ओळखणे महत्त्वाचे. दोन्ही वेळा खाच एकाच जागी येते. प्लगच्या छिद्रावर अंगठा ठेवून हवा जोराने बाहेर येते का, हे पाहिले की शंका फिटते. इंजिन उतरवून पुन्हा बसवल्यावर डिस्ट्रिब्यूटर नेमका उलटा बसवला जाण्याची चूक सर्रास घडते. मग गाडी सुरू होत नाही, फक्त कार्ब्युरेटरमधून भडका उडतो. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने, रोटरच्या फिरण्याच्या दिशेनेच लावलेल्या हव्यात.

चालू इंजिनावर टायमिंग पाहण्यासाठी स्ट्रोब, म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा वापरतात. त्याच्या उजेडात फिरती खाच थांबल्यासारखी भासते. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि इंजिन ६०० फेऱ्यांवर असताना खाच १४ अंशांवर यावी. येथे एक खोच आहे. पुष्कळ जुन्या गाड्या ६०० फेऱ्यांवर नीट चालत नाहीत, म्हणून त्यांचा वेग हजाराच्या पुढे ठेवलेला असतो. त्या वेगाला फिरती वजने उघडू लागलेली असतात. तिथे १४ अंश जुळवले, तर प्रत्यक्षात टायमिंग मागे पडलेले असते.

वजने, स्प्रिंग आणि पडदा

स्ट्रोबचा खरा उपयोग यानंतर होतो. वेग हळूहळू ३००० च्या पुढे न्यावा आणि खाचेकडे पाहत राहावे. ती सलगपणे पुढे सरकली आणि वेग उतरताच जागेवर परतली, तर वजने निरोगी आहेत. ती जागची हललीच नाही, तर वजने गंजून अडकलेली आहेत. अशा गाडीला मंद वेगात काही दोष दिसत नाही, महामार्गावर मात्र ती गुदमरते. खाच जागेवर परतली नाही किंवा मंद वेगातच फार पुढे गेली, तर स्प्रिंग सैल झाली आहे किंवा तुटली आहे. अशा वेळी बल्बने लावलेले टायमिंग बरोबर असूनही चढावर नॉकिंग होते. खाच एकाच ठिकाणी न दिसता थरथरत किंवा दुहेरी दिसत असेल, तर झिजलेले बुश अथवा सैल झालेली टायमिंग चेन यांचा संशय घ्यावा.

व्हॅक्यूमची परीक्षा आणखी सोपी. नळी तोंडाने ओढून धरावी. आतील पट्टी सरकली आणि सरकलेलीच राहिली, तर पडदा शाबूत आहे. हवा सहज ओढली जात असेल, तर तो फाटला आहे. फाटलेल्या पडद्यामुळे पूर्ण जोरातील ताकद कमी होत नाही, पण संथ प्रवासात पेट्रोल जास्त लागते.

टायमिंगचे सोंग

वरील सर्व ठीक असूनही गाडी मिसिंग करते तेव्हा डिस्ट्रिब्यूटरमधील स्वस्त वस्तूंकडे पाहावे. कंडेन्सर निकामी झाला, तर पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडून ते जळू लागतात. निकृष्ट रोटरमधून वीज दांड्याकडे गळते. असा रोटर थंड असताना चालतो आणि गरम झाल्यावर दगा देतो. डिस्ट्रिब्यूटरच्या आत एक बारीक अर्थची वायर असते. व्हॅक्यूमची पट्टी प्रत्येक वेळी सरकताना ती वाकते आणि कधीतरी आवरणाच्या आतच तुटते. बाहेरून ती अखंड दिसते, पण अॅक्सिलरेटर दाबताच गाडी झटका देते.

कॉइलचीही जात पाहावी लागते. नंतरच्या काही गाड्यांत रोधक वायरीसह चालणारी कमी व्होल्टची कॉइल होती. तिथे १२ व्होल्टची कॉइल लावली तर ठिणगी दुबळी पडते. कमी व्होल्टची कॉइल जुन्या गाडीत लावली तर पॉइंट जळतात. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे, पुढे ऋण टोक जोडले जाऊ लागले. या बदलात कॉइलच्या वायरी उलटसुलट राहिल्या, तर गाडी चालते खरी, पण ठिणगी अशक्त होते.

बदललेले पेट्रोल

हँडबुकातील आकडे ज्या पेट्रोलसाठी दिले होते, ते शिसेयुक्त पेट्रोल आता पंपांवर मिळत नाही. ब्रिटनमध्ये आणि भारतातही २००० पासून त्याची सर्वसाधारण विक्री थांबली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नेहमीच्या ९५ ऑक्टेन पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. भारतात हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉलमुळे नॉकिंगला विरोध वाढतो, परंतु मिश्रण विरळ होते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते बाधते. म्हणून पुस्तकी आकडा हा आरंभबिंदू मानावा. सपाटीवर गरम झालेली गाडी वरच्या गिअरमध्ये चढावर नेऊन जोर द्यावा. खडखड ऐकू आली, तर टायमिंग एकेक अंशाने मागे घ्यावे आणि आवाज थांबेल तिथे थांबावे. दोन-चार अंश मागे घेऊनही आवाज येत राहिला, तर आकड्याशी झगडणे सोडून स्प्रिंगा, सिलिंडरमध्ये साठलेला कार्बन आणि विरळ मिश्रण तपासावे.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक संच बसवण्याकडे अनेकांचा कल असतो. त्यामुळे टाच झिजण्याची आणि अंतर बदलण्याची कटकट संपते, हे खरे. तथापि अडकलेली वजने, तुटलेली स्प्रिंग, फाटलेला पडदा आणि सरकलेली पुली यांवर त्याचा काही इलाज नाही. तो बसवल्यानंतर टायमिंग नव्याने लावावेच लागते.

शेवटी महत्त्व आहे ते क्रमाला. आधी खरा टीडीसी, मग दांडा आणि पॉइंट, त्यानंतर बंद इंजिनावरील टायमिंग, मग वजने आणि व्हॅक्यूम, आणि हे सारे निर्दोष ठरल्यावरच कार्ब्युरेटर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदललेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवावी. यासाठी लागणारी साधने म्हणजे एक बल्ब, फिलर गेज, खडू आणि स्ट्रोब. त्यांची किंमत एका पिस्टनच्या किमतीपुढे काहीच नाही.